पेयजलातील फ्लोराइड : प्राण्यांच्या अवयवांवरील विषपरिणाम व आपल्या व्यवसायास त्यातून मिळणारा बोध

प्रास्ताविक

चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोध्वंसाची चर्चा करताना वायू, उदक, देश व काल या चार भावांची दुष्टी सांगितली आहे. दुष्ट उदकाची लक्षणे देताना गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या विकृतीबरोबर आणखी एका लक्षणाचा त्यांनी उल्लेख केला आहे. ते म्हणजे जलचर व पक्षी ज्याला सोडून गेले आहेत असे पाणी. मनुष्याच्या आधी प्राण्याकडे पाहावे, ही दृष्टी त्या उल्लेखात आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेले फ्लोराइड मात्र या परीक्षेला सहज चकवते. फ्लोराइडयुक्त पाण्याला गंध नाही, रंग नाही, गढूळपणा नाही. असे पाणी बहुधा कॅल्शियमने कमी व सोड्याच्या क्षारांनी युक्त असते. त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस चांगला येतो आणि गावातील लोक तीच कूपनलिका चांगली समजतात. त्यावरून पक्षी उडून जात नाहीत, गुरेही ते पाणी आनंदाने पितात. परंतु त्याच गुरांचे दात, हाडे, वृक्क व यकृत यांचे परीक्षण केले असता पाण्याचा दोष स्पष्ट होतो. प्राण्यांच्या अवयवांतील या पुराव्याचा परिचय करून देणे आणि त्यातून चिकित्सक व औषधनिर्माता यांनी काय घ्यावे हे सांगणे, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

आमची एक चूक

विषयप्रवेशापूर्वी एक अनुभव नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातील एका खेड्यातून पंचेचाळिशीची एक शेतकरी स्त्री आमच्या चिकित्सालयात आली. कटी व मान यांचा स्तंभ, सांध्यांत वेदना, मंदाग्नी व मलावष्टंभ अशा तक्रारी होत्या. संधिगत वात असे निदान करून आम्ही गुग्गुळकल्प, घरी करावयाचा रास्नासप्तकाचा काढा व उकळून निम्मे आटवलेले पाणी अशी योजना केली. मंदाग्नीसाठी लवणयुक्त पाचक चूर्ण दिले. रुग्णा अत्यंत निष्ठेने पथ्य पाळणारी होती. सात महिन्यांनंतर स्तंभ कमी न होता वाढला.

पुढे त्या गावी आरोग्य शिबिरानिमित्त जाणे झाले तेव्हा तिच्या गोठ्यातील गोऱ्ह्याच्या दातांवर आम्हांस आडवे तपकिरी पट्टे दिसले. तिच्या पतीने सांगितले की, आपल्या गोठ्यात जन्मलेल्या सर्व वासरांचे दात असेच येतात. बाजारातून आणलेल्या बैलाचे मात्र पांढरे राहतात. त्यांच्या मुलाच्या दातांवरही तसेच डाग होते. ते आम्ही चिकित्सालयात पूर्वी पाहिले होते आणि दंतधावनाची हेळसांड म्हणून सोडून दिले होते. कूपनलिकेचे पाणी तपासले असता फ्लोराइड लिटरला ३ मिलिग्रॅम निघाले. म्हणजे ज्या पाण्याने व्याधी झाला, तेच पाणी आटवून, अधिक तीव्र करून, पथ्य म्हणून व काढा म्हणून आम्ही सात महिने देत होतो. या लेखाचे मूळ त्या गोठ्यात आहे.

प्रमाण व प्रदेश

भारतीय मानक संस्थेच्या आय.एस. १०५०० या मानकानुसार पेयजलात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य असून अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत अनुमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅम आहे. ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या खडकांतील फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, कृष्णाभ्रक आदी खनिजांतून फ्लोराइड भूजलात उतरते. खोल कूपनलिकांत पाणी खडकाच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहते, म्हणून तेथे त्याचे प्रमाण अधिक असण्याचा संभव असतो. महाराष्ट्राचा बराच भाग बेसाल्टचा असला तरी यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसर, नांदेडमधील किनवट व चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग येथील भूजलात फ्लोराइडाधिक्य आढळले आहे.

आपल्या देशात या विकाराकडे लक्ष गेले तेही प्रथम गुरांमुळे. १९३० च्या दशकात तत्कालीन मद्रास इलाख्यात जनावरांतील विकृतीची नोंद झाली आणि १९३७ मध्ये शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेल्लोर जिल्ह्यातील मनुष्यांमधील अस्थिविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

अवयवनिहाय विषपरिणाम

१) दंत : दाताचे कवच तयार करणाऱ्या पेशींवर फ्लोराइडचा परिणाम होतो, तोही केवळ दात जबड्यात घडत असण्याच्या काळात. गाईच्या कायम दातांचा हा काळ साधारणतः सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा असतो. या काळात दूषित पाणी मिळाल्यास खडूसारखे पांढरे ठिपके, पिवळे-तपकिरी पट्टे, खळगे व अकाली झीज दिसते. बदल दोन्ही बाजूंस सारखे असतात. प्रौढ वयात आणलेल्या बैलाचे दात पांढरे का राहतात, याचे उत्तर येथे मिळते. गाईला पुढचे दात केवळ खालच्या जबड्यात असल्याने खालचा ओठ दूर करताच परीक्षा होते. दाढांची विषम झीज झालेले जनावर नीट रवंथ करू शकत नाही, थंड पाणी टाळते व कृश होते. प्रयोगशाळेतील उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने त्यांवर हे पट्टे कोणत्याही वयात उमटतात. म्हणूनच संशोधकांना ते सोयीचे साधन ठरले आहे.

२) अस्थी : शरीरातील सुमारे ९९ टक्के फ्लोराइड अस्थी व दंत यांत साठते. अस्थीतील खनिजाच्या हायड्रॉक्सिल गटाची जागा ते घेते, तसेच अस्थिनिर्मिती करणाऱ्या पेशींना उत्तेजित करते. परिणामी अस्थी घन दिसते, परंतु तिची रचना सदोष असते. गुरांमध्ये पायाच्या नळ्या, बरगड्या व खालचा जबडा यांवर अस्थीचे उंचवटे येतात, स्नायुबंध व कंडरा यांत चुना साठतो, जनावर लंगडते. राजस्थानात चोबिसा यांनी गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या व उंट यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. गाई-म्हशी व विशेषतः त्यांची वासरे अधिक बाधित होतात, तर शेळ्या-मेंढ्या तुलनेने कमी, असे त्यांस आढळले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात पाण्यातून सोडियम फ्लोराइड दिलेल्या नर उंदरांत अस्थ्यर्बुदाचा पुरावा संदिग्ध ठरला. मादी उंदीर व मूषक यांत पुरावा मिळाला नाही. म्हणून ‘फ्लोराइडने कर्करोग होतो’ असे विधान रुग्णासमोर करणे योग्य नव्हे.

३) आमाशय व ग्रहणी : आमाशयातील अम्लाच्या सान्निध्यात फ्लोराइडचे हायड्रोफ्लोरिक अम्ल बनते व ते श्लेष्मल आवरणातून सहज आत शिरते. ससाच्या ग्रहणीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून सुशीला व त्यांच्या सहकाऱ्यांनी आवरणाचा ऱ्हास दाखवून दिला. मनुष्यातील उत्क्लेश, उदरशूल, आध्मान व मलावष्टंभ या तक्रारी अस्थिविकृती क्ष-किरणात दिसण्यापूर्वीच सुरू होऊ शकतात. आमच्या रुग्णेच्या मंदाग्नीचा अर्थ आम्हांस पुढे कळला.

४) वृक्क : शोषलेल्या फ्लोराइडपैकी जे अस्थीत जात नाही ते मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे वृक्कातील पेशींचा संपर्क अन्य मृदू अवयवांहून अधिक तीव्र द्रवाशी येतो. प्रायोगिक प्राण्यांत वृक्कनलिकांच्या पेशींची सूज व अपक्षय, तसेच केशिकागुच्छांतील बदल नोंदले गेले आहेत. वृक्क दुर्बल झाल्यास उत्सर्जन घटते, साठा वाढतो आणि हे चक्र पुढे चालते. वृक्कविकार असलेल्या रुग्णास फ्लोराइडयुक्त पाणी अधिक घातक ठरते, हे ध्यानी ठेवावे.

५) यकृत : अधिक मात्रेच्या प्रयोगांत यकृतपेशींत पोकळ्या, मेदसंचय व काही ठिकाणी पेशीनाश आढळतो. यामागे ऑक्सिडीकरणाचा ताण हे एक प्रमुख कारण मानले जाते. ग्लुटाथायोन व संरक्षक विकरे घटतात, मेदांचे पेरॉक्सिडीकरण वाढते.

६) शुक्रवह स्रोतस : अहमदाबाद येथील गुजरात विद्यापीठात चिनॉय व सहकाऱ्यांनी उंदीर, मूषक व ससे यांवर केलेले कार्य महत्त्वाचे आहे. सोडियम फ्लोराइडने शुक्राणूंची संख्या व गती घटली, वृषणातील पेशीरचना बिघडली. फ्लोराइड थांबविल्यावर काही अंशी सुधारणा झाली आणि जीवनसत्त्व ‘क’ व कॅल्शियम यांच्या योगाने ती अधिक झाली. मृदू अवयवांची हानी काही प्रमाणात परतविता येते, हा या प्रयोगांतील आश्वासक भाग होय.

७) मेंदू : प्राण्यांतील अध्ययन व वर्तन यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तथापि २०२४ मध्ये उपर्युक्त राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने मनुष्यातील अभ्यासांचा आढावा घेऊन लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड व मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध मध्यम विश्वासार्हतेने मांडला आहे. गर्भिणी व बालक यांच्या पाण्याबाबत दक्षता घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

प्रयोगांची मर्यादा

प्रयोगशाळेत अनेकदा पाण्यात लिटरला पन्नास, शंभर वा त्याहून अधिक मिलिग्रॅम फ्लोराइड दिले जाते. उंदरात मनुष्याइतकी रक्तपातळी येण्यास पाण्यातील प्रमाण सुमारे पाचपट वा अधिक ठेवावे लागते, हे लक्षात घेतले तरी या मात्रा खेड्यातील पाण्याहून बऱ्याच जास्त आहेत. त्यामुळे उंदराच्या यकृतातील प्रत्येक बदल रुग्णाच्या यकृतात झालाच असेल, असे मानू नये. दंत व अस्थी यांचा पुरावा मात्र वेगळा आहे; तो गोठ्यातील गाईत, खेड्यातील मुलात व प्रयोगातील उंदरात एकाच दिशेने जातो. जे निश्चित आहे व जे संभाव्य आहे, त्यांत भेद राखणे हेच शास्त्रीय वृत्तीचे लक्षण होय.

दूषीविषाचा विचार

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात दूषीविषाचे वर्णन करताना शरीरातून पूर्णपणे न निघालेले, क्षीणवीर्य, कफाने आवृत होऊन वर्षानुवर्षे राहणारे विष असे सांगितले आहे. फ्लोराइडचा अस्थीतील अनेक वर्षांचा साठा, त्याचे मंद कार्य व आहार-प्रदेश यांनुसार होणारी वृद्धी पाहता हे साधर्म्य चिंतनीय आहे. प्राचीनांना फ्लोराइड ज्ञात होते असा दावा आम्ही करीत नाही. दूषीविषाच्या संकल्पनेतून निदानपरिवर्जनाचे महत्त्व मात्र अधोरेखित होते. विष रोज पोटात जात असता शोधन, शमन वा रसायन यांपैकी काहीही फलद्रूप होणार नाही.

आपल्या भट्टीवर काय घडते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जंतू उकळण्याने मरतात. फ्लोराइड उकळण्याने उडून जात नाही. पाणी आटते आणि ते मागे राहते. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी निम्मे आटवले तर प्रमाण ६ होते, चतुर्थांश उरवले तर १२. उष्णोदक हे पथ्य म्हणून सांगताना हे गणित आम्ही कधी केले नव्हते.

क्वाथाचे उदाहरण घ्यावे. शार्ङ्गधरोक्त पद्धतीने सुमारे ५० ग्रॅम भरड, सोळापट म्हणजे ८०० मिलिलिटर पाणी व अष्टमांश म्हणजे १०० मिलिलिटर शेष असे धरल्यास त्या पाण्यातील सर्व २.४ मिलिग्रॅम फ्लोराइड त्या १०० मिलिलिटरच्या भांड्यात एकवटते. त्यातील काही अंश चोथ्याबरोबर जाईल; तरी उरलेला भाग रुग्ण दिवसातून दोन वेळा औषध म्हणून घेतो, तोही पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त. आसवारिष्टांची मात्रा अल्प असल्याने त्यांतून जाणारा अंश कमी असतो. परंतु एका निर्मितिशाळेचे औषध दूरवर जाते व दीर्घकाळ सेवन केले जाते. घनसत्त्वात पाणी पूर्ण आटवले जाते, म्हणून तेथे विशेष काळजी हवी.

प्राणिज द्रव्यांबाबतही अवयवांचा वरील अभ्यास थेट उपयोगी पडतो. बाधित गाईच्या दुधात फ्लोराइड फारच अल्प उतरते. म्हणून अशा भागातील दूध अनुपान म्हणून वर्ज्य करण्याचे कारण नाही. मूत्र हा मात्र उत्सर्जनाचा प्रमुख मार्ग असल्याने बाधित गाईच्या गोमूत्रात फ्लोराइड वाढलेले असते. शोधनासाठी वा भावनेसाठी गोमूत्र घेताना गाय कोणते पाणी पिते हे विचारावे. अजास्थी भस्मासाठी अस्थी कोणत्या प्रदेशातील आहेत, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. कारण अस्थीतील साठा भस्मीकरणाने नाहीसा होत नाही.

काळ्या मिठात फ्लोराइड लक्षणीय प्रमाणात असू शकते. फ्लोराइडबाधित रुग्णाच्या उदरविकारावर काळे मीठ असलेली पाचक चूर्णे दीर्घकाळ देणे म्हणूनच उचित नव्हे. सुपारी, तंबाखू व कोरा चहा यांचाही इतिहास घ्यावा.

चिकित्सकांसाठी सूचना

१) सांध्यांच्या व पाठीच्या प्रत्येक जीर्ण रुग्णास पाण्याचा स्रोत, कूपनलिकेची खोली व तेथे वास्तव्याची वर्षे विचारावीत. घरातील मुलांचे दात व गोठ्यातील वासरांचे दात कसे आहेत, हेही विचारावे.

२) तीन सोप्या परीक्षा चिकित्सालयातच करता येतात. जमिनीवरील नाणे गुडघे न वाकवता उचलणे, हनुवटी छातीस लावणे आणि दोन्ही हात मानेमागे नेणे. यांत अडचण असेल तर पुढील तपासणी करावी. प्रबाहूच्या क्ष-किरण चित्रात दोन अस्थींमधील पडद्यात चुना साठलेला दिसणे हे महत्त्वाचे चिन्ह आहे. मूत्रातील फ्लोराइडची तपासणी उपयुक्त ठरते.

३) पाण्याचा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन शासकीय जल प्रयोगशाळेत पाठवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत ही सोय आहे. २००८-०९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाची माहितीही जिल्हा आरोग्य विभागाकडून घ्यावी.

४) पर्यायी पाणी हीच पहिली चिकित्सा. पावसाचे साठवलेले पाणी, नदी-तलावाचे शुद्ध केलेले पाणी वा तपासलेली उथळ विहीर यांस प्राधान्य द्यावे. निवळीचे बी गढूळपणा घालवते, विरघळलेले फ्लोराइड नव्हे. मेणबत्तीची गाळणी, क्लोरीन व उकळणे यांनीही ते जात नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत चुना व तुरटी यांची मोजून ठरवलेली मात्रा वापरावी लागते. घरात तुरटी फिरवणे म्हणजे ती पद्धत नव्हे. सक्रिय अ‍ॅल्युमिना व आर.ओ. यंत्र यांनी फ्लोराइड कमी होते. मात्र आर.ओ. यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात ते एकवटलेले असते; ते जनावरांच्या हौदात सोडू नये.

५) आहारात दूध, ताक, तीळ, हिरव्या पालेभाज्या व आवळा यांची योजना करावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील अभ्यासात शाळकरी मुलांना १८ दिवस रोज १० ग्रॅम चिंच दिली असता मूत्रावाटे फ्लोराइडचे उत्सर्जन वाढल्याचे आढळले. प्रकृती व अम्लरसाची सात्म्यता पाहून चिंचेचा आहारात उपयोग करता येईल. तथापि दातांवरील डाग व अस्थीतील पूर्ण झालेले बदल औषधाने जातील, असे आश्वासन कोणीही देऊ नये.

औषधनिर्मात्यांसाठी सूचना

१) निर्मितिशाळेच्या पाण्याची फ्लोराइडसाठी तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर करून नोंद ठेवावी. कूपनलिका अधिक खोल केल्यास तपासणी नव्याने करावी.

२) क्वाथ, अरिष्ट व घन यांसाठी लिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वापरू नये, घनासाठी शक्य तितके निर्फ्लोराइड पाणी घ्यावे.

३) घरी काढा करण्यासाठी भरड विकताना वेष्टनावर ‘तपासलेले पिण्याचे पाणी वापरावे’ एवढी सूचना छापावी. खर्च काहीच नाही, लाभ मोठा आहे.

उपसंहार

आमच्या रुग्णेच्या घरी पुढे तपासलेल्या विहिरीचे पाणी येऊ लागले. काढा त्याच पाण्यात होऊ लागला, लवणयुक्त चूर्ण बंद केले. काही महिन्यांत उदराच्या तक्रारी शमल्या, वेदना सुसह्य झाल्या. मानेचा स्तंभ मात्र बहुतांशी कायम आहे. सात महिन्यांपूर्वी पाण्याचा प्रश्न विचारला असता तर तो किती कमी झाला असता, हे सांगता येत नाही. तो प्रश्न विचारण्यास वेळ केवळ एक मिनिट लागला असता, एवढे मात्र निश्चित.

नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांची परीक्षा आपण नित्य करतो. ज्या प्रदेशात भूजलाचा संशय आहे तेथे या यादीत रुग्णाच्या पाण्याची व त्याच्या गोठ्यातील वासराच्या दातांची भर घालावी, आणि आपल्या भट्टीवर चढणाऱ्या पाण्यालाही हाच नियम लावावा, अशी वैद्यबंधू-भगिनींना व औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे.